थुंकू नका, आ करा

१९६४ सालच्या जुलै महिन्यात बाळापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राचा तिमाही तक्ता अकोल्याच्या आमच्या कार्यालयात आला. तपासलेली तोंडे सहाशेच्या वर. संशयित कॅन्सर एक. त्या एका माणसाला लिहितावाचता येत नव्हते. ही शेवटची माहिती तक्त्यात नव्हती, कारण तक्त्यात तसा रकाना नव्हता.

केंद्राचे नाव इथे देत नाही. तिथले लोक चांगले होते, आणि तिथे घडले ते कुठल्याही केंद्रात घडू शकले असते. बहुतेक ठिकाणी घडलेही असेल. तिथे कोणी बघायला गेले नाही, एवढेच.

आधी योजना काय होती ते सांगतो. एप्रिलमध्ये वरून परिपत्रक आले होते. दवाखान्यात कोणत्याही कारणाने येणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाचे तोंड उघडून बघायचे. ताप असो, खरूज असो, पायात काटा असो, आधी आ. याला स्क्रीनिंग म्हणतात. दुखते म्हणून आलेल्याला तपासणे ही नेहमीची डॉक्टरी. आपल्याला काही झाले आहे हे ज्याला ठाऊकच नाही त्याला तपासणे, हे स्क्रीनिंग. त्याला लागणारे साहित्य म्हणजे एक टॉर्च, जीभ दाबायची लाकडी पट्टी आणि रबरी हातमोजा. गालाच्या आत, ओठाच्या आत, जिभेखाली बघायचे. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, महिनाभर न भरलेली जखम, बोटाला कडक लागणारी कड, यातले काही सापडले की तो संशयित. नुसता चट्टा असताना माणूस सापडला तर तंबाखू सोडवून आणि लक्ष ठेवून भागते. गाठ लहान असेल तर कापून काढता येते. मानेला गाठी आल्यावर तो स्वतःच्या पायाने आला, तर त्याला नागपूरला पाठवणे आणि नागपूरहून परत आल्यावर भेटायला जाणे, एवढेच काम दवाखान्याला उरते.

वऱ्हाडात हा रोग कुठे शोधायचा हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. तळहातावर तंबाखू आणि चुना मळायचा, चिमटीत धरून गालात ठेवायचा. त्याला बार म्हणतात. माणूस दिवसातून दहा वेळा बार बदलतो, पण जागा बदलत नाही. वीस वर्षे डाव्या गालात ठेवणारा एकविसाव्या वर्षीही डाव्याच गालात ठेवतो. चट्टा बरोबर त्याच जागी येतो. म्हणजे जिथे बार असतो तिथे बघायचे. योजना एवढी सोपी होती.

अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांतल्या दवाखान्यांचे प्रचाराचे काम माझ्याकडे होते. त्याआधी बारा वर्षे मी अमरावतीच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहिल्या आणि इतरांच्या बातम्या कापल्या. सरकारला पत्रके आणि पाट्या लिहिणारा माणूस हवा होता, साप्ताहिकाला बातम्या कापणारा नकोसा झाला होता. तीन वर्षांपूर्वी क्षयरोगाच्या मोहिमेसाठी मी एक पाटी लिहिली होती. अकोल्याला जठारपेठेतल्या एका पेंटरने ती निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत रंगवली आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक दवाखान्याकडे ती दाराशी लावायला गेली. मजकूर असा होता:

येथे थुंकू नका.
थुंकणारा रोग पसरवतो.
सुशिक्षित माणूस थुंकत नाही.

तीन ओळी. एकच विशेषण. वरून शाबासकी आली. पाटीचा परिणाम झाला का हे कोणी मोजले नाही. पाटी लागली का हे मात्र मोजले. धारणीला ती लागली नव्हती. योजना सुरू झाल्यावर, चौसष्टच्या मे महिन्यात जीपने धारणीला गेलो, तेव्हा तिथल्या दवाखान्यात आमची पाटी पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवलेली दिसली. येणारे बहुतेक कोरकू आदिवासी. मराठी वाचणारे त्यांच्यात थोडे, त्यामुळे पाटी भिंतीवर काय आणि रांजणावर काय, असे तिथल्या डॉक्टरांचे म्हणणे पडले. परत आल्यावर मी त्यांना एक कडक पत्र लिहिले.

जुलैत दोन्ही जिल्ह्यांचे तक्ते एकत्र झाले. धारणीने कमी तोंडे तपासली होती आणि संशयित बरेच दाखवले होते. बाळापूर तालुक्यातल्या आपल्या केंद्राने सहाशेवर तोंडे तपासून एक दाखवला होता. आमच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि निष्कर्ष काढला.

“जंगलातले लोक. सवयी तशा,” ते म्हणाले. “आणि हा बघा शिकलेला तालुका. या महिन्याच्या पत्रकात बातमी घ्या. बाळापूर तालुका तोंडाच्या कॅन्सरपासून जवळजवळ मुक्त.”

“एकदा जाऊन बघतो, साहेब.”

“काय बघता? तक्ता समोर आहे.”

“म्हणूनच.”

वर्तमानपत्रात एक साधा नियम असतो. आकडा वाईट आला तर छापा, फारच चांगला आला तर आधी चौकशी करा. सरकारी कामात तो नियम उलटा आहे हे मला तोवर पुरते कळले नव्हते. साहेबांनी चार दिवस दिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलो.

केंद्राचे डॉक्टर साठे पुण्याचे. नोकरीला दोन वर्षे झाली होती. कामात चोख. टॉर्चचे सेल स्वतःजवळ ठेवत, लाकडी पट्ट्या स्वतःसमोर उकळून घेत. कंपाउंडर इंगळे त्याच गावचे. रजिस्टर ते लिहीत. तोंडतपासणीचा रकाना त्यांनी लाल शाईने आखला होता आणि त्यात खाली खाली ‘ठीक’ हा शब्द इतक्या सुबक अक्षरात उतरत गेला होता की पान लांबून वेलबुट्टीसारखे दिसे.

मी कोपऱ्यात स्टूल घेऊन बसलो. दाराशी आमची पाटी. मधे बाकावर माणसे. पहिला आला तो पोटदुखीचा. डॉक्टर म्हणाले, “आ करा.” त्याने आ केले. डाव्या गालात बार होता. टॉर्च लागताच त्याने अदबीने जिभेने तो आणखी आत ढकलला आणि डॉक्टरांना अडचण नको म्हणून वरून गाल आवळून धरला. डॉक्टरांनी उजवा गाल पाहिला, टाळू पाहिली, जिभेखाली पाहिले, आणि डाव्या गालात तंबाखू पाहिली. “ठीक,” ते म्हणाले. इंगळ्यांनी लिहिले. दुसरा आला. त्याचा बार उजव्या गालात होता. त्याचा डावा गाल ठीक निघाला.

अकरा वाजेपर्यंत वीसेक तोंडे झाली. बार नसलेली पाच. बाकीच्यांत तपासणी नेमकी तेवढी जागा सोडून झाली.

डॉक्टर जेवायला गेल्यावर मी इंगळ्यांना विचारले की लोकांना तंबाखू थुंकून यायला का सांगत नाही. ते माझ्याकडे, मग पाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिले.

“पेपरवाले साहेब, तुमी गंमत करून राह्यले का?” ते म्हणाले. “मांगल्या साली तपासनीसाले भिताडावर एक पिचकारी दिसली. एक. डॉक्टर साहेबाले लेखी ताकीद भेटली. तवापासून आमी दारातच सांगतो, बाप्पा, काहीबी कर, पण अठी तोंड रिकामं नको करू.”

“मग बाहेर?”

“बाहेर कुठी? हिकडून बाया बाळंतपणाले येतात, तिकडून विहीर हाय. आन् पाटीवर लिवलंच हाय ना, सुशिक्षित माणूस थुंकत नाई. मंग लोक गिळते.”

“आणि तो एक सापडला तो?”

इंगळे हसले. तो एक म्हणजे सुपडाजी. शेळ्या वळणारा म्हातारा. पाटी त्याच्या दृष्टीने निळा पत्रा होती. तो आत आला तो थेट पाटीच्या बुडाशी पचकन थुंकला. इंगळ्यांनी त्याला शिव्या दिल्या, फडके आणून पुसायला लावले आणि शिक्षा म्हणून सगळ्यांच्या शेवटी बसवले. त्याची पाळी आली तोवर तोंड कोरडे झाले होते. डॉक्टरांनी टॉर्च लावला आणि समोर चट्टा. वर्षभर तंबाखू बंद आणि दर महिन्याला दाखवायला येणे, असा त्याला हुकूम झाला. तोही त्याने निम्मा पाळला.

“अडाणी होता म्हून वाचला म्हातारा,” इंगळे म्हणाले आणि रजिस्टर मिटून घरी गेले.

धारणीचा रांजण तेव्हा आठवला. तिथे पाटी झाकण होऊन पाणी राखत होती आणि त्याच पाण्याने चुळा भरून लोक आ करत होते. ज्या डॉक्टरांना मी कडक पत्र लिहिले होते ते एकटे तोंडे तपासत होते. बाकीचे आम्ही तंबाखू तपासत होतो.

दुपारी दवाखाना उघडला तेव्हा पहिल्या बाकावर तायडे मास्तर बसले होते. प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग, वय पन्नाशीच्या आत, धुतलेले धोतर, काळी टोपी, खिशाला पेन. छप्पन सालानंतर त्यांच्या वस्तीत विहार उभा राहिला, तिथे रविवारी वंदना तेच म्हणून घेत. योजना सुरू झाल्यापासून ते दर महिन्याला स्वतःहून येत आणि येताना दोघाचौघांना ओढून आणत. डॉक्टरांच्या मते संपूर्ण पंचक्रोशीत योजना समजलेला हा एकच माणूस. रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे तीनदा ‘ठीक’ होते.

त्यांनी आ केले. डाव्या गालात बार होता. मी डॉक्टरांना थांबवले आणि मास्तरांना विचारले, तंबाखू थुंकून का आला नाहीत?

त्यांनी बार एका बाजूला घेऊन, शाळेतल्या मराठीत उत्तर दिले. “साहेब, पाटी आहे. मी पहिलीच्या मुलांना हेच शुद्धलेखनाला घालतो. तिसरी ओळ तर ती तोंडपाठ म्हणतात. मीच इथे येऊन थुंकलो तर उद्या वर्गात उभा कसा राहू?”

ती पाटी मी लिहिली आहे हे मी त्यांना तेव्हा सांगितले नाही. केंद्रामागे बोराटीचे कुंपण होते, तिकडे जाऊन यायची विनंती केली. इंगळ्यांनी तांब्या दिला. मास्तर दोन मिनिटांनी परत आले, मिशा पुसून बसले आणि त्यांनी आ केले.

डॉक्टर साठ्यांनी टॉर्च आणखी जवळ नेला. मग त्यांनी हातमोजा चढवला, बोट आत घातले, गाल दोन्ही बाजूंनी चाचपला. मानेखाली दाबून पाहिले. हातमोजा काढला. टॉर्च बंद करायला विसरले.

“किती दिवस आहे हे?”

“मागच्या पोळ्यापासून तिखट लागतं. भाजी धुवून खातो.”

“तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“तुम्ही तीनदा ठीक म्हणालात,” मास्तर म्हणाले. “मी समजलो, ठीक आहे.”

इंगळे रजिस्टर उघडून बसले होते. त्या दिवशीचा रकाना त्यांनी कोरा सोडला.

पुढच्या आठवड्यात अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात सर्जननी मास्तरांच्या गालातून, चट्ट्याच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. याला बायोप्सी म्हणतात. तुकडा औषधी पाण्याच्या बाटलीत घालून नागपूरला जातो, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि उत्तर टपालाने येते. उत्तर येईपर्यंत रुग्णाने काय करायचे याबद्दल परिपत्रकात काही नसते. मास्तरांनी वर्ग घेतला.

दरम्यान मी साहेबांना भेटलो आणि बघितले ते सांगितले. प्रत्येक केंद्राला एक पिकदाणी द्यावी आणि तपासणीआधी चूळ भरायला लावावी, एवढीच मागणी होती.

साहेबांनी चष्मा काढला. “थुंकू नका ही मोहीम कोणाची?”

“आपली.”

“पाटी कोणी लिहिली?”

“मी.”

“मग आता पाटीखाली पिकदाणी मांडायची? पेपरवाले हसतील.”

“मी पेपरवालाच होतो, साहेब. ते हसतील. छापणार नाहीत.”

“आणि तुमची बातमी कुठे आहे?”

बातमी मी लिहिली नव्हती. साहेबांनी ती स्वतः लिहून घेतली आणि पत्रक छापायला गेले. माझी मागणी भांडार विभागाकडे गेली. तिथल्या कारकुनाने यादी काढून दाखवली. क्षयरोग्यांच्या वॉर्डसाठी झाकणाचे थुंकीपात्र मंजूर होते; बाह्यरुग्ण विभागासाठी नव्हते. बाह्यरुग्ण विभागात क्षयरोगी येत नाहीत का, असे मी विचारले. येतात, तो म्हणाला, पण तिथे थुंकत नाहीत. तशी पाटी आहे. फाइल फिरू लागली.

डॉक्टर साठ्यांनी फाइलची वाट पाहिली नाही. फरशी पुसायची एक लोखंडी बादली केंद्राच्या यादीत होतीच. तिच्यात चुलीतली राख टाकून त्यांनी ती पडवीत ठेवली, शेजारी पाण्याचा माठ आणि तांब्या. फरशी त्यानंतर कशाने पुसली हे मी विचारले नाही. मग त्यांनी लाल शाईचे रजिस्टर काढले आणि ‘ठीक’ लिहिलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलवायला सुरुवात केली. पुण्याच्या माणसाला हे जड गेले. आपले आधीचे म्हणणे चुकले, पुन्हा या, असे डॉक्टर स्वतः सांगतो आहे, हे गावाने पहिल्यांदा ऐकले. काहींना वाटले, डॉक्टर नवा आहे, हात बसवून राहिला. काहींना वाटले, आता खरेच काहीतरी आहे. दोन्ही प्रकारचे लोक आले.

इंगळे हाळी देत, “चूळ भरा राजेहो, बादलीत थुंका, मंग आत या.” पहिल्या दिवशी बादलीशी जायला कोणी धजेना. सगळे पाटीकडे बघत. शेवटी इंगळ्यांनी सुपडाजीला निरोप पाठवला. म्हातारा आला आणि त्याने सर्वांसमोर, अधिकृतपणे, थुंकून दाखवले. रांग पुढे सरकली.

दोन महिन्यांत आणखी सात जणांच्या गालात चट्टे निघाले. सातवे कंपाउंडर इंगळे. त्यांच्या नावापुढेही ‘ठीक’ होते, त्यांच्याच अक्षरात. त्यांचा चट्टा लहान होता. त्यांनी तंबाखू सोडली. म्हणजे डॉक्टरांसमोर सोडली आणि नंतर, बायकोला कळल्यावर, खरोखर सोडली.

मास्तरांचा रिपोर्ट ऑगस्टच्या शेवटी आला. कॅन्सर. मी त्या दिवशी फेरतपासणी बघायला केंद्रात होतो. डॉक्टरांनी मास्तरांना आणि त्यांच्या पत्नीला, सुभद्राबाईंना, बसवून सांगितले. नागपूरला ऑपरेशन करावे लागेल. गालाचा भाग, खालच्या जबड्याचा तुकडा, काही दात. मानेत अजून काही लागत नाही, ही चांगली गोष्ट. महिना-दोन महिने गेले तर ती राहणार नाही.

मास्तरांनी एकच विचारले. “बोलता येईल का?”

“येईल. पूर्वीसारखं नाही.”

“पहिलीच्या मुलांना अक्षर कानाने शिकवावं लागतं, डॉक्टर. ळ आणि ल वेगळा ऐकू आला पाहिजे.” त्यांनी खिशातले पेन काढून पुन्हा लावले. “वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. तोवर वर्ग पुरा करतो. मग जातो.”

डॉक्टर समजावू लागले. ते मुद्देसूद बोलले, पुण्याला शोभेल असे. मास्तर ऐकत होते आणि मान हलवत होते, आणि ते जाणार नाहीत हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होते.

“मास्तर,” सुभद्राबाई म्हणाल्या. “पोट्टे पुढच्या सालीबी पहिलीतच भेटतीन तुमाले. नवे भेटतीन. मले नवा मास्तर भेटते का?”

मास्तरांनी टोपी सारखी केली.

“वर्षभर भाजी धुवून देऊन राह्यली मी. इचारलं त डॉक्टर ठीक म्हणते, म्हणे. आता डॉक्टर ठीक नाई म्हणते, त आता आयकाचं नाई? डॉक्टर साहेब, कोणत्या दिवशी जाचं ते मले सांगा. ह्यायले नका सांगू.”

डॉक्टरांनी दिवस सांगितला. तो त्यांनी मास्तरांकडे न बघता सांगितला.

त्याच आठवड्यात आमचे मासिक पत्रक केंद्रात पोचले. पहिल्या पानावर चौकटीत, बाळापूर तालुका तोंडाच्या कॅन्सरपासून जवळजवळ मुक्त. एक प्रत शाळेत गेली होती. कागद चांगला जाड होता. नागपूरच्या प्रवासात सुभद्राबाईंनी भाकरी त्यात बांधून नेल्या. हे त्यांनीच मला पुढे सांगितले, कुठलाही हेतू न ठेवता. कागद तेलकट झाला नाही, असे त्या म्हणाल्या.

ऑपरेशन सप्टेंबरात झाले. मास्तर दिवाळीनंतर गावी परतले. डावा गाल आत गेला होता आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हते. बोललेले सुभद्राबाईंना सगळे कळे, इंगळ्यांना निम्मे, मला त्याहून कमी. शाळेने त्यांना पहिलीवरून काढून चौथीला गणित दिले. गणित फळ्यावर होते. पहिलीला अमरावतीहून एक नवा तरुण मास्तर आला. विहारातली वंदना त्यांचा मुलगा म्हणू लागला. मास्तर पहिल्या रांगेत बसत आणि ओठ हलवत.

डिसेंबरात केंद्रात गेलो, तेव्हा पाटी मी लिहिली होती हे त्यांना सांगितले. त्यांनी खिशातून पेन काढले, इंगळ्यांच्या टेबलावरच्या औषधाच्या एका चिठ्ठीच्या पाठीवर लिहिले: अक्षर चांगले होते. मजकूर अपुरा होता. पुढच्या रविवारी ते शाळेतला पांढरा रंग आणि कुंचला घेऊन आले आणि स्टुलावर उभे राहून त्यांनी पाटीच्या खालच्या मोकळ्या पट्टीत चौथी ओळ लिहिली:

बादलीत थुंका, चूळ भरा, मग आ करा.

अक्षर पेंटरच्या अक्षरापेक्षा सरस आले. तिसरी ओळ त्यांनी खोडली नाही. मी खोडायला सांगितले होते. सरकारी मजकूर खोडता येत नाही, असे त्यांनी लिहून दिले.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला केंद्राची वार्षिक तपासणी झाली. तपासनीसांनी शेरेबुकात दोन शेरे मारले. एक, फरशी पुसायच्या बादलीचा भलत्या कामासाठी वापर. दोन, सरकारी पाटीवर विनापरवाना मजकूर. मार्चमध्ये आमच्या कार्यालयातून तिसरे पत्र निघाले. तोंडाच्या कॅन्सरचे संशयित पहिल्या तिमाहीत एक असताना वर्षअखेर नऊ कसे झाले, मोहीम चालू असूनही केंद्राच्या क्षेत्रात रोग का वाढला, खुलासा करावा. पत्र माझ्या टेबलावरून गेले. थांबवणे माझ्या अधिकारात नव्हते. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या.

डॉक्टर साठ्यांनी तिन्ही बाबींचा खुलासा एका पानात केला. रोग वाढला नाही, बार काढून पाहिले, असे त्यात होते. सोबत धारणीच्या डॉक्टरांकडून मागवलेली, त्यांच्या एका पत्राची नक्कल. माझ्या कडक पत्राला त्यांनी आदल्या जूनमध्येच उत्तर दिले होते, आणि ते आमच्या कार्यालयात न वाचता फाइल झाले होते. त्यात त्यांनी रांजण, चुळा आणि चट्टे यांचा संबंध चार ओळींत लिहिला होता. म्हणजे सगळी माहिती कार्यालयात जुलैच्या आधीपासून होती. फक्त ती तक्त्यात नव्हती.

पिकदाण्यांच्या फाइलीला पासष्टच्या ऑक्टोबरात मंजुरी मिळाली. पिकदाण्या सदुसष्ट साली आल्या. मंजुरीच्या पत्राप्रमाणे त्या क्षयरोग वॉर्डांना वाटण्यात आल्या. साहेब त्याआधीच बढतीवर गेले होते. डॉक्टर साठ्यांनी पुण्याजवळ बदली मागितली होती. ती मिळाली, पण नवा डॉक्टर येईपर्यंत ते आठ महिने थांबले. सुपडाजी अडुसष्ट साली वारला. म्हातारपणाने.

यातून काय शिकायचे ते मी तेव्हा टिपून ठेवले होते. लोक पाटी वाचत नाहीत अशी तक्रार करण्याआधी, वाचली तर काय होईल याचा विचार पाटी लिहिणाऱ्याने करावा.

एकोणसत्तर सालच्या डिसेंबरात मी त्या केंद्रात शेवटचा गेलो. दवाखाना चालू होता. पाटी होती, चारही ओळींसह. पडवीत बादली होती, तिच्यात ताजी राख होती. इंगळे नवे रजिस्टर आखत होते. रांगेत दहा-बारा माणसे होती. तायडे मास्तर चौथे होते.